ज्वारीची भाकरी आणि पिठलं : गिरणीपासून ताटापर्यंत

भाकरी जमत नाही असं सांगणारा प्रत्येक जण थापण्याबद्दलच बोलतो. कडा फाटतात, उचलताना दोन तुकडे होतात, तव्यावर टाकताना घडी पडते. मग व्हिडिओ लावून त्यातल्या बाईच्या हाताकडे बघत बसायचं, आणि पुन्हा भाकरी तशीच फाटते. गेल्या वर्षभरात आमच्या सोसायटीतल्या सहा जणांना मी भाकरी शिकवली. त्यांच्यातल्या एकाचाही हात वाईट नव्हता. तिघांचं पीठ जुनं होतं, दोघांनी नळाच्या पाण्यात मळलं होतं आणि एकीने नॉनस्टिक तवा मंद आचेवर ठेवला होता.

मीही त्यातलीच. पुण्यात बिऱ्हाड थाटल्यावर पहिले दोन महिने माझ्या भाकरीचे नकाशेच होत होते. सोलापूरकडची आत्या आली, माझा डबा उघडला, चिमूटभर पीठ पाण्याच्या थेंबात कालवलं, दोन बोटांत दाबून बघितलं आणि म्हणाली, ‘‘आगं, पीठच मेलंय, हाताला काय दोष देतीस?’’ त्यामुळे या लेखात थापणं पाचव्या टप्प्यावर येतं. आधीचे चार टप्पे उडवून थेट तिथे जाऊ नका.

१. दाणा आणि दळण

भाकरीसाठी रब्बीची ज्वारी घ्या. सातारा-सांगली-कोल्हापूरकडे तिला शाळू म्हणतात. दुकानात ‘मालदांडी’ म्हणून मागा. खरिपाची ज्वारी दाणा भरण्याच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते, बुरशी धरते. तिची भाकरी मळकट होते आणि चवीलाही उतरते. दाणा टपोरा, मोतिया रंगाचा आणि किंचित चमक असलेला हवा. मूठभर दाणे तळहातावर पसरा. त्यात काळ्या टोकाचे किंवा भोक पडलेले बरेच दिसले तर ती पिशवी दुकानातच ठेवा. नवी रब्बी ज्वारी साधारण मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येते. वर्षाची भरणार असाल तर तेव्हाच भरा आणि कडक ऊन देऊन ठेवा.

ज्वारी वर्षाची भरायची, दळण मात्र आठवड्याचं आणायचं. पाच किलो एकदम दळून आणणं ही शहरातली सगळ्यात मोठी चूक. एक किलो पिठाच्या मध्यम आकाराच्या सोळा-सतरा भाकऱ्या होतात, त्यावरून आपल्या घराचा हिशेब करा. आम्ही चौघं आहोत आणि आठवड्यातून तीन-चार दिवस भाकरी असते. आम्हाला दोन किलो पुरतं.

गिरणीत दोन गोष्टी तोंडाने सांगा: ‘बारीक दळा’ आणि ‘ज्वारीवरच दळा’. आधी कुणाची हरभऱ्याची डाळ दळली असेल तर तुमच्या डब्यात पहिलं ओंजळभर पीठ त्या डाळीचं येतं. रवाळ पीठ असलं तर कितीही मळा, कडा फाटणारच.

*लक्षात ठेवा:* गिरणीतून आलेलं पीठ गरम असतं. घरी आल्यावर डब्याचं झाकण तासभर उघडं ठेवा. गरम पीठ कोंडलं की डब्याला आतून दमट सुटतं आणि पीठ लवकर उतरतं.

बाजरीचं पीठ तर याहून नाजूक. बाजरीत तेलाचा अंश जास्त असल्यामुळे ते आठवडाभरातच कडवट व्हायला लागतं. ते चार दिवसांपुरतंच आणा.

२. पिठाची परीक्षा

गव्हाच्या कणकेत चिकाची तार असते, म्हणून पोळी ताणली जाते. ज्वारीत ती तार नाही. ज्वारीचं पीठ एकत्र राहतं ते त्यातल्या पिष्टामुळे, म्हणजे गरम पाण्याने फुलून येणाऱ्या चिकटपणामुळे. या चिकटपणाला घरात ‘विरी’ म्हणतात. पीठ जुनं झालं की विरी जाते. मग दिसायला पीठ तसंच पांढरं असतं, पण थापताना मातीसारखं सुटतं.

म्हणून डब्यात हात घालण्याआधी एक मिनिट द्या. दोन चमचे पीठ वाटीत घ्या, कढत पाणी थोडं थोडं घालत गोळी मळा आणि करंगळीएवढी वळी करा. ती वळी बोटाभोवती अंगठीसारखी वळवून बघा.

- न तुटता वळली : पीठ ताजं आहे, गरम पाण्यात मळा.
- वळली, पण वरून भेगा पडल्या : विरी उतरायला लागली आहे, उकड काढा.
- वळायच्या आधीच तुकडे झाले : या पिठाची नुसती भाकरी होणार नाही. निम्मी कणीक घालून धपाटे किंवा थालीपीठ करा. भाकरीचा हट्ट धरू नका.

बंद पाकिटातलं पीठ आणत असाल तर पाकिटावर दळल्याची तारीख बघा. परदेशात राहणाऱ्यांना बहुतेक वेळा महिनोन्‌महिने जुनं पीठच मिळतं. त्यांनी ही परीक्षा न करता सरळ उकडच काढावी.

३. आधी सगळं हाताशी

भाकरी एकदा सुरू केली की मध्ये थांबता येत नाही. तवा तापलेला असतो, एक भाकरी त्यावर असते आणि दुसरीचा गोळा हातात. त्या वेळी उलथनं शोधत बसलात तर भाकरी करपते. आधी मांडून घ्या :

पसरट परात (काठवट असेल तर उत्तमच), कोरडं पीठ वेगळ्या वाटीत, पाण्याचा वाडगा, लोखंडी किंवा बिडाचा तवा, उलथनं, चिमटा, आणि भाकरी ठेवायला सुती फडकं अंथरलेली दुरडी किंवा टोपली.

नॉनस्टिक तवा नको. भाकरीला लागतो तेवढा तो तापवायचा नसतो आणि तेवढा तापवला नाही तर भाकरी शेकली जात नाही, वाळते. परातीखाली ओलं फडकं घाला, ती ओट्यावर फिरणार नाही. ही एवढीशी गोष्ट नव्याने शिकणाऱ्याचं निम्मं काम हलकं करते.

४. पाणी आणि मळणं

गावाकडची बाई थंड पाण्यात मळते आणि तिची भाकरी फुगते. तिचं पीठ त्याच आठवड्यात, कधी त्याच सकाळी दळलेलं असतं. तिचं बघून दुकानातल्या पिठाला थंड पाणी घालू नका.

*गरम पाण्याची पद्धत (ताजं पीठ).* दोन भाकऱ्यांना एक वाटी पीठ आणि अंदाजे पाऊण वाटी कढत पाणी लागतं. पिठात आळं करा, पाणी ओता, चमच्याने कालवा आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या. मग हात घाला. पाणी सगळं एकदम ओतू नका, पीठ किती पिईल ते दर दळणाला बदलतं.

*उकडीची पद्धत (जुनं पीठ, पाकिटातलं पीठ).* पातेल्यात वाटीभराला किंचित कमी पाणी खळखळून उकळा. हवं तर चिमूटभर मीठ घाला. त्यात एक वाटी पीठ एकदम टाका, गॅस बंद करा, लाटण्याच्या टोकाने ढवळा आणि झाकण ठेवून पाच-सात मिनिटं थांबा. हाताला सोसेल इतकी उकड निवली की परातीत काढून मळा. कोकणात तांदळाची भाकरी अशीच करतात. नाचणीलाही हीच पद्धत सोपी पडते.

आता मळणं. इथे बहुतेकांचा आळस नडतो. पीठ नुसतं गोळा झालं की लोक थांबतात. ज्वारीचं पीठ रगडावं लागतं. तळहाताचा मनगटाजवळचा भाग गोळ्यावर टेकवायचा, पुढे ढकलायचं, पीठ परातीवर पसरलं जातं, बोटांनी ओढून पुन्हा गोळा करायचा, पुन्हा ढकलायचं. मध्येमध्ये हात पाण्यात बुडवायचा. एका भाकरीच्या गोळ्याला अशी दोन-तीन मिनिटं लागतात. सुरुवातीला पीठ परातीला धरतं, बोटांना चिकटतं, खरबरीत लागतं. मग हळूहळू ते हात सोडायला लागतं आणि रंगाने थोडं उजळतं.

*तपासा:* गोळा दोन्ही तळहातांत दाबून चपटा करा. कडेला भेगा पडल्या तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. कानाच्या पाळीइतका मऊ झाला की तयार. बोटांना लोंबायला लागला तर पाणी जास्त झालं, चमचाभर कोरडं पीठ घाला.

सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका. कणीक मुरते तसं हे पीठ मुरत नाही, सुकतं. गरम पाण्यात भिजवलेलं दोन-दोन भाकऱ्यांचंच घ्या. उकड मात्र झाकून ठेवता येते, पण प्रत्येक गोळा थापायच्या आधी नव्याने रगडावाच लागतो.

५. थापणं

आत्ता तवा गॅसवर ठेवा, मोठ्या आचेवर. तुमची भाकरी थापून होईपर्यंत तो तापेल.

परातीत कोरडं पीठ भुरभुरा. कंजूषपणा नको, भाकरी या पिठावरच फिरणार आहे. गोळा त्यावर ठेवा, वरूनही पीठ लावा आणि तळहाताने दाबून चार बोटं रुंद चकती करा, वीतभर नको. आता उजव्या हाताची बोटं जुळवून, सपाट ठेवून थापायला लागा. थाप किंचित तिरकी, आपल्या डावीकडे जाणारी हवी, म्हणजे भाकरी आपोआप फिरते. डावा हात कडेला उभा धरायचा, कुंपणासारखा. तो कड फाटू देत नाही.

नवशिक्या मध्यभागी थापत राहतो. मध्य पातळ होतो आणि कडा जाड राहतात. थाप कडेवर द्या, मध्य आपोआप येतो. नखं टोचू देऊ नका. सुईएवढं भोक पडलं तरी तिथून वाफ निघून जाते आणि ती भाकरी फुगत नाही.

थापताना भाकरी फिरेनाशी झाली तर समजायचं खालचं पीठ संपलं. जोर लावू नका, कड उचलून खाली पीठ सरकवा. कडेला भेग पडलीच तर ओल्या बोटाने लगेच मिटवा. सुरुवातीला सहा इंचांची भाकरी पुरे. आठ इंचांची पुढच्या महिन्यात. जाडी साधारण तीन मिलिमीटर, सगळीकडे सारखी.

प्लास्टिकच्या कागदावर थापली किंवा लाटण्याने हलकेच लाटली तर चालतं का, असं लोक चोरटेपणाने विचारतात. चालतं. पोट भरतं. आमच्या आत्याला मात्र सांगू नका.

६. तव्यावर

हा टप्पा दीड-दोन मिनिटांचाच आहे, पण क्रम चुकला तर आधीची सगळी मेहनत वाया जाते.

तव्यावर पाण्याचा थेंब टाका. चर्र होऊन लगेच उडाला पाहिजे. थेंब बसून बुडबुडत राहिला तर तवा थंड आहे, भाकरी चिकटेल.

भाकरी दोन्ही हातांनी उचला, उलटी करा आणि तव्यावर सोडा. परातीला लागलेली कोरड्या पिठाची बाजू आता वर आली पाहिजे. टाकताना एक कड आधी टेकवून बाकीची भाकरी आपल्यापासून लांब अंथरत न्या. वरून फेकलीत तर खाली हवा अडकते.

ताबडतोब पाणी लावा. हात पाण्यात बुडवून किंवा ओल्या फडक्याने, सगळ्या पृष्ठभागावर, कडांपर्यंत. कोरडं पीठ पूर्ण भिजून दिसेनासं झालं पाहिजे. इथे दोन चुका होतात. पाणी उशिरा लावलं तर वरचं पीठ सुकून पांढरं राहतं आणि भाकरी खाताना घशाला कोरडी लागते. पाणी ओतल्यासारखं लावलं तर ते कडेवरून तव्यावर जातं आणि भाकरी चिकटते.

आता नजर त्या पाण्यावर ठेवा. चकाकी जाते, पण हात लावला तर ओलसर लागतं, तो क्षण उलटण्याचा. पुऱ्या आचेवर हे अर्ध्या मिनिटात होतं. पाणी पूर्ण सुकू दिलं तर भाकरीला वरून तडे जातात. घाई केली तर ओली बाजू तव्याला धरते.

उलटल्यावर ही बाजू नीट भाजू द्या, मिनिटभर तरी. उलथन्याने कडा दाबत भाकरी तव्यावर थोडी फिरवा. भाकरी तव्यापासून मोकळी सुटली आणि खाली तांबूस ठिपके आले की झालं.

*सावध:* आच मंद करू नका. ‘करपेल’ या भीतीने गॅस बारीक केला की भाकरी वाळून कडक होते.

७. फुगवणं

चिमट्याने तवा बाजूला करा आणि भाकरी थेट आचेवर ठेवा. जी बाजू तव्यावर सुरुवातीला थोडाच वेळ होती, ती आता खाली. दहा-पंधरा सेकंदांत भाकरी फुगते. चूल असेल तर तवा न काढता भाकरी निखाऱ्यांपाशी उभी टेकवून फिरवतात, तिची चव वेगळीच.

इंडक्शन किंवा कॉइलच्या शेगडीवर आच नसते. तिथे सपाट बुडाचा लोखंडी तवाच वापरा आणि दुसरी बाजू भाजल्यावर भाकरी पुन्हा उलटून सुती फडक्याच्या बोळ्याने कडेकडेने हलकेच दाबा. वाफ मध्यभागी सरकते आणि भाकरी तव्यावरच फुगते. पूर्ण टम्म नाही फुगली तरी पापुद्रा सुटतो, आणि खायला तेवढंच लागतं.

न फुगलेली भाकरी फेकू नका. फुगली नाही याची कारणं तीनच असतात : भोक होतं, जाडी कमी-जास्त होती, किंवा दुसरी बाजू भाजायच्या आधीच आचेवर नेली. पुढच्या भाकरीत एकच गोष्ट बदलून बघा. तिन्ही एकदम बदलल्यात तर नेमकं काय चुकत होतं ते कळायचं नाही.

८. पिठलं कधी टाकायचं

नेहमीचा घोळ असा : आधी पिठलं करून ठेवलं, मग भाकऱ्यांना पाऊण तास लागला आणि तोवर पिठल्याची वडी झाली. पिठलं थांबलं की घट्ट होतं. त्यामुळे पिठल्याची तयारी आधी करा आणि पीठ शेवटी लावा.

चौघांना एक वाटी बेसन आणि साडेतीन वाट्या पाणी. भाकरीच्या आधी कढईत तीन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण सहा-सात पाकळ्या, चार-पाच हिरव्या मिरच्या, आवडत असेल तर एक चिरलेला कांदा, हळद अशी फोडणी करा. दोन वाट्या पाणी आणि मीठ घाला, उकळी आली की गॅस बंद करून झाकून ठेवा. उरलेल्या दीड वाटी थंड पाण्यात बेसन घोळून घ्या. गरम पाण्यात घोळलंत तर गाठी झाल्याच.

शेवटच्या दोन भाकऱ्या राहिल्या की फोडणीचं पाणी पुन्हा उकळा, एका हाताने घोळ सोडा आणि दुसऱ्या हाताने ढवळत राहा. घट्ट होऊन फदफदायला लागलं की आच मंद करून झाकण ठेवा, सहा ते आठ मिनिटं. मध्ये दोनदा तळापासून हलवा. घट्ट झालं म्हणजे शिजलं असं समजणं, ही पिठल्यातली एकमेव मोठी चूक. चमचाभर चाखून बघा, जिभेवर कच्चा बेसनाचा वास राहिला तर आणखी दोन मिनिटं. जास्त आळलं तर वरून कढत पाणी घाला, थंड नको. कोथिंबीर गॅस बंद केल्यावर.

९. ठेवणं आणि उरलं तर

तव्यावरून काढलेली भाकरी लगेच डब्यात कोंडू नका. आतली वाफ पाणी होऊन खालची भाकरी लिबलिबीत होते. आधी दुरडीच्या काठाला मिनिटभर उभी टेकवा, मग फडक्यात गुंडाळा. नव्या गरम भाकऱ्या आधीच्या भाकऱ्यांच्या वर रचत जा.

उरलेली भाकरी फ्रीजमध्ये ठेवू नका, दगड होते. फडक्यात गुंडाळून बाहेरच राहू द्या. सकाळी बारीक कुस्करून ताकात पंधरा मिनिटं भिजवा, मीठ घाला, वरून लसणाची फोडणी आणि सोबत कच्चा कांदा. किंवा चुरा करून कांदा-शेंगदाण्यांच्या फोडणीत परता, पाण्याचा हबका मारा आणि झाकण ठेवून एक वाफ काढा. न फुगलेल्या भाकऱ्यांचा हा चुरा फुगलेल्यांपेक्षा चांगला होतो. आमच्या घरी शिकवणीच्या दुसऱ्या दिवशी नाश्त्याला हाच असतो.